अंगठ्याचा ठणका थांबतो, यूरिक ॲसिड तिथंच राहतं: गाऊटच्या गोळ्यांचं नेमकं काय चुकतंय?

२९ डिसेंबर २०२५ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने निमेसुलाइड या पेनकिलरबद्दल एक अधिसूचना काढली. १०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ताकदीची, पोटात जाताच विरघळणारी निमेसुलाइडची औषधं बनवायची नाहीत आणि विकायचीही नाहीत, असा तो आदेश होता. कारण होतं यकृताला असलेला धोका. १२ वर्षांखालच्या मुलांना हे औषध द्यायला भारतात २०११ पासूनच मनाई आहे.

बातमी दोन दिवस व्हॉट्सॲपवर फिरली. त्यातला एक बारकावा मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटला. मेडिकलमध्ये सगळ्यात जास्त मागितली जाते ती १०० मिलिग्रॅमची गोळी, आणि ती बंद झालेलीच नाही. त्यामुळे सांधेदुखीसाठी खिशात गोळी ठेवणाऱ्याच्या आयुष्यात या आदेशाने फारसा फरक पडत नाही. ज्याला गाऊट आहे, त्याच्या बाबतीत तर मूळ प्रश्न पेनकिलर कोणती हा नाहीच.

तो प्रश्न समजून घ्यायला अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासा तालुक्यातलं सोनई घ्या. मुळा धरणाच्या कालव्याचं पाणी, ऊस, मुळा सहकारी साखर कारखाना, घरोघरी दुभती जनावरं आणि शेजारी शनिशिंगणापूर. आता इथल्या पन्नाशीतल्या एका शेतकऱ्याची कल्पना करा. रात्री जेवून झोपलेला माणूस पहाटे दोन-तीन वाजता उठून बसतो. पायाचा अंगठा लाल झालाय, सुजलाय, इतका ठणकतोय की गोधडी लागलेलीही सहन होत नाही. सकाळी कुणीतरी म्हणतं, वात आहे. कुणी म्हणतं, रानात काहीतरी चावलं असेल. मेडिकलमधून गोळी येते, चार दिवसांत पाय जमिनीवर टेकतो आणि विषय संपतो. सहा महिन्यांनी पुन्हा तेच होतं.

दीडशे दुखणाऱ्यांत एक

आपल्या शरीरात पेशी सतत मोडतात आणि नव्या तयार होतात. त्या मोडतोडीतून प्युरिन नावाची द्रव्यं सुटतात, आणि त्यांचा शेवटचा कचरा म्हणजे यूरिक ॲसिड. यातलं बरंचसं किडनी लघवीतून बाहेर टाकते. रक्तात त्याचं प्रमाण एका डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेलं की ते नीट विरघळलेलं राहत नाही. मग वर्षानुवर्षं सांध्यांत सुईसारखे बारीक स्फटिक साचत जातात. एके दिवशी शरीराची संरक्षण यंत्रणा या स्फटिकांवर तुटून पडते. तो ठणका म्हणजे गाऊटचा झटका. आयुर्वेदात याच्याशी जुळणारं वर्णन ‘वातरक्त’ या नावाने येतं.

महाराष्ट्राच्या खेड्यात हा आजार किती आहे? याचं ठोस उत्तर सोनईसारख्याच ऊसपट्ट्यातल्या, पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दिलंय. १९९६ मध्ये पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने तिथे घरोघरी जाऊन पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या उपक्रमाचा तो भाग होता. ४,०९२ प्रौढांना त्यांच्या दुखण्यांबद्दल विचारलं गेलं. सुमारे १८ टक्के लोकांना सांधे, स्नायू, कंबर यांपैकी काहीतरी दुखत होतं. गाऊट निघाला ०.१२ टक्के लोकांना.

हे दोन आकडे शेजारी ठेवा. हजार प्रौढांमागे १८० जणांचं काही ना काही दुखतंय आणि त्यांतल्या जेमतेम एकाला गाऊट आहे. म्हणजे दुखणाऱ्या दीडशे जणांत एक. त्यानंतरच्या ३० वर्षांत गावांमध्येही वजन, मधुमेह आणि बीपी वाढलंय. हे तिन्ही गाऊटचे सोबती, त्यामुळे आजचा आकडा जास्त असण्याचीच शक्यता आहे. पण तो दुप्पट-तिप्पट धरला तरी दुखणाऱ्यांच्या गर्दीत गाऊटचा माणूस हरवून जातो, हे बदलत नाही.

इथूनच दोन उलट्या चुका सुरू होतात. ज्याला खरोखर गाऊट आहे तो ‘वात’ म्हणून पेनकिलरवर वर्षं काढतो. आणि ज्याचे गुडघे वयाने झिजलेत, त्याच्या रिपोर्टमध्ये यूरिक ॲसिड ७.४ दिसलं की त्याला गाऊटची गोळी सुरू होते.

पेनकिलर आग विझवते, लाकडं तशीच राहतात

झटका आला की पेनकिलर देणं चूक नाही. झटक्यावर तीन प्रकारची औषधं चालतात: पेनकिलर, थोड्या दिवसांचं स्टिरॉइड आणि कोल्चिसिन. कोणतं द्यायचं हे रुग्णाची किडनी, पोट, साखर आणि हृदय बघून डॉक्टर ठरवतात. मात्र यातलं एकही औषध यूरिक ॲसिड कमी करत नाही. सूज उतरते, स्फटिक जिथल्या तिथे राहतात.

कोल्चिसिनचं आपल्या मातीशीही नातं आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलणारी कळलावी अनेकांनी पाहिली असेल. तिच्या कंदात हेच द्रव्य असतं, आणि कंद खाल्ल्याने लोक दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. म्हणून हे औषध मोजूनमापूनच घ्यायचं असतं. पूर्वी जुलाब सुरू होईपर्यंत कोल्चिसिन देत राहायची पद्धत होती. २०१० मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की सुरुवातीला घेतलेला लहान डोस मोठ्या डोसइतकाच उपयोगी पडतो आणि पोटाचा त्रास खूप कमी होतो. क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक सोबत चालू असेल तर मात्र कोल्चिसिन शरीरात साठून विषारी होऊ शकतं.

पेनकिलरचा मोठा हिशेब किडनीकडे लागतो. सततच्या पेनकिलरने किडनी दुखावते, दुखावलेली किडनी यूरिक ॲसिड कमी बाहेर टाकते, ते पुन्हा वाढतं, पुन्हा झटका येतो आणि पुन्हा गोळी. गळीत हंगामात उन्हात तासन्‌तास राबणाऱ्या ऊसतोड कामगाराच्या बाबतीत तर शरीरातलं पाणी आधीच आटलेलं असतं. पाणी कमी, घाम जास्त आणि वर पेनकिलर, हे त्रिकूट किडनीला फार महागात पडतं.

पेनकिलर, किडनी आणि यूरिक ॲसिड यांचं नातं किती टोकाला जाऊ शकतं, हे गिधाडांनी दाखवलं. डायक्लोफेनॅक टोचलेल्या जनावरांची मढी खाऊन भारतीय उपखंडातली गिधाडं संपत आली. त्यांच्या किडन्या बंद पडत आणि आतले अवयव यूरिक ॲसिडच्या पांढऱ्या थराने माखलेले असत. म्हणजे गाऊटच, पण पोटातल्या अवयवांचा. २००४ मध्ये हे कारण सिद्ध झालं आणि २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर भारतात बंदी आली. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफेनॅकची पाळी आली, नंतर जनावरांसाठीच्या निमेसुलाइडचीही. माणसाची किडनी गिधाडापेक्षा चिवट आहे, एवढाच दिलासा.

यापेक्षाही धोकादायक प्रकार म्हणजे लेबल नसलेल्या पुड्या. ‘आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नाही’ असं सांगून विकल्या जाणाऱ्या सांधेदुखीच्या औषधांत डेक्सामेथासोनसारखं स्टिरॉइड सापडल्याची उदाहरणं देशात अनेकदा नोंदली गेली आहेत. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, म्हणूनच त्यांचं नाव कानोकानी पसरतं. पण महिनोन्‌महिने घेतल्यावर साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर जीवावर बेतू शकतं.

१०० ची गोळी, आणि तीच कायमची

यूरिक ॲसिड खाली आणणारं मुख्य औषध म्हणजे ॲलोप्युरिनॉल. ते आजचं नाही. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या संशोधनातून ते आलं, १९६६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, आणि १९८८ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे हे दोघे मानकरी ठरले. भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ॲलोप्युरिनॉल आणि कोल्चिसिन दोन्ही आहेत. गोळी काही रुपयांना मिळते. म्हणजे औषध नाही किंवा परवडत नाही, अशी ही गोष्टच नाही.

गोष्ट बिघडते ती ते घेण्याच्या पद्धतीत. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०२० ची मार्गदर्शक सूचना सांगते की सुरुवात दिवसाला १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी डोसने करा, किडनी कमजोर असेल तर आणखी कमी. मग दर काही आठवड्यांनी रक्त तपासून डोस थोडा थोडा वाढवा आणि यूरिक ॲसिड ६ च्या खाली आणून तिथेच ठेवा. अनेकांना त्यासाठी ३०० किंवा त्याहूनही जास्त लागतं. प्रत्यक्षात चिठ्ठीवर १०० लिहिलं जातं आणि वर्षभर तेच चालतं. यूरिक ॲसिड ९ वरून ८ वर येतं, झटके येतच राहतात आणि रुग्ण म्हणतो, ‘ही गोळी काय कामाची नाही.’

दुसरा घोळ आणखी विचित्र आहे. ॲलोप्युरिनॉल सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत झटके वाढू शकतात. साचलेले स्फटिक विरघळायला लागले की सांधा खवळतो. औषध काम करत असल्याची ती खूण आहे, पण अंगठा सुजलेल्या माणसाला हे आधी कुणी सांगितलेलं नसतं. तो गोळी बंद करतो. म्हणूनच सुरुवातीचे ३ ते ६ महिने सोबत कोल्चिसिनचा किंवा दुसऱ्या सूज रोखणाऱ्या औषधाचा लहान डोस द्यावा, असं ही सूचना सांगते. झटका आला तरी चालू असलेलं ॲलोप्युरिनॉल बंद करायचं नसतं.

या गोळीची भीती अगदीच निराधार नाही. फार थोड्या लोकांत ॲलोप्युरिनॉलमुळे त्वचेची जीवघेणी प्रतिक्रिया येते, आणि ती बहुतेकदा पहिल्या काही महिन्यांत. अंगावर पुरळ, ताप, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा, यांपैकी काही दिसलं तर गोळी त्याच क्षणी थांबवून दवाखाना गाठायचा. लहान डोसने सुरुवात करण्यामागे हेही एक कारण आहे. अझाथायोप्रिन हे औषध चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय हिला हातही लावू नये.

भारतात याच कामासाठी फेबुक्सोस्टॅट हेही सर्रास लिहिलं जातं. २०१८ च्या एका मोठ्या अभ्यासात, आधीपासून हृदयविकार असलेल्या गाऊटच्या रुग्णांमध्ये या औषधावर मृत्यू जास्त दिसले आणि २०१९ मध्ये अमेरिकेने त्यावर ठळक इशारा छापायला लावला. २०२० मध्ये युरोपातल्या दुसऱ्या मोठ्या अभ्यासात तसा धोका दिसला नाही. वाद पूर्ण मिटलेला नाही. पण हृदयाचा आजार असलेल्याने ‘मला हीच गोळी का?’ असं डॉक्टरांना जरूर विचारावं. २०२२ च्या एका अमेरिकी अभ्यासात दोन्ही औषधांचे डोस नीट वाढवत नेल्यावर ॲलोप्युरिनॉल कुठेही कमी पडलं नाही.

रिपोर्टमधला ठळक आकडा

आता दुसरी चूक. फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं की यूरिक ॲसिड त्यात असतंच. आकडा ७.२ आला की तो ठळक छापला जातो. सांधा कधी दुखलेला नाही, मुतखडा नाही, तरी माणूस घाबरतो आणि गोळी सुरू होते.

याच २०२० च्या सूचनेत अशा लक्षणं नसलेल्या लोकांना शक्यतो औषध देऊ नका, असं म्हटलंय. त्यामागचा हिशेब साधा आहे: एकाला होऊ शकणारा गाऊटचा एक झटका टाळण्यासाठी अशा २४ जणांना ३ वर्षं गोळी द्यावी लागते. यूरिक ॲसिड ९ च्या वर असलेल्यांतही ५ वर्षांत साधारण २० टक्क्यांनाच गाऊट होतो. ‘किडनी वाचेल’ म्हणून ही गोळी देण्याच्या कल्पनेलाही २०२० मध्येच प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी आधार दिला नाही. जपानमधले डॉक्टर याबाबत थोडा वेगळा विचार करतात, बाकी बहुतेक ठिकाणी सल्ला थांबण्याचाच आहे. वारंवार झटके, सांध्यांवर गाठी, किडनीचा आजार किंवा यूरिक ॲसिडचे मुतखडे असतील तेव्हा मात्र गाऊटच्या रुग्णाने गोळी टाळू नये.

उलटही घडतं. ऐन झटक्यात रक्त तपासलं तर यूरिक ॲसिड कधीकधी नॉर्मल येतं. ‘रिपोर्ट नॉर्मल, म्हणजे गाऊट नाही’ असं म्हणून तिथेच गाडी चुकते. झटका ओसरल्यावर दोन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासणं हा त्यावरचा उपाय.

आकडा वाढलेला दिसला की आधी घरातली औषधं बघावीत. बीपीच्या अनेक गोळ्यांत असणारं क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड यूरिक ॲसिड वाढवतं. टीबीच्या उपचारातलं पायराझिनामाइडही वाढवतं. म्हणून ती औषधं मनाने बंद करायची नाहीत, टीबीची तर मुळीच नाहीत. पण बीपीसाठी लोसार्टनसारखं यूरिक ॲसिड थोडं कमी करणारं औषध चालेल का, हे डॉक्टरांना विचारता येतं.

डाळ बंद?

यूरिक ॲसिड वाढलं की घरात पहिली कुऱ्हाड तूरडाळीवर पडते. मग पालक, टोमॅटो, शेंगदाणे. माळकरी घरात प्रथिनं मुळात डाळ आणि दुधातूनच येतात, तिथे हे पथ्य अंगावर येतं. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांवर १२ वर्षं लक्ष ठेवून २००४ मध्ये आलेल्या अभ्यासात मटण आणि मासळीने गाऊट वाढलेला दिसला. प्युरिन असलेल्या भाज्या-डाळींनी तो वाढला नाही, आणि दुधाने उलट कमी झाला. दूधपट्ट्यातल्या सोनईकरांसाठी ही आनंदाची बातमी.

दारू, त्यातही बिअर, आणि गोड पेयं यांचा मात्र खरा संबंध आहे. साखरेतला अर्धा भाग फ्रुक्टोज असतो आणि तो यकृतात मोडताना यूरिक ॲसिड तयार होतं. रसवंतीवरचा एखादा ग्लास कुणाला गाऊट देत नाही, पण झटके येणाऱ्याने रोजची कोल्ड्रिंकची बाटली सोडलेली बरी. तरीही पथ्याला मर्यादा आहे. कडक पथ्याने आकडा साधारण एकाने खाली येतो. ९.५ असलेला माणूस पथ्याने ६ वर पोहोचत नाही. कारण यात खाण्यापेक्षा अनुवंशाचा आणि किडनीचा वाटा मोठा आहे. ‘खाण्यापिण्यामुळे ओढवून घेतलं’ असं रुग्णाला ऐकवलं जातं, आणि लाजेपोटी तो औषध मागायलाच जात नाही.

मग सोनईसारख्या गावात काय होऊ शकतं?

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. ३० वर्षांवरील लोकांची बीपी, मधुमेह आणि काही कर्करोगांसाठी तपासणीही होते. गाऊट त्या यादीत नाही, आणि हजारात एक-दोन रुग्ण असलेल्या आजारासाठी सगळ्या गावाचं रक्त तपासायची गरजही नाही. प्रश्न ज्यांना आधीच झटके येतात त्यांचा आहे.

त्यांना संधिवाततज्ज्ञाकडेच जायला हवं असंही नाही. इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी २०१८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. गाऊटच्या ५१७ रुग्णांचे दोन गट केले. एक गट नेहमीप्रमाणे डॉक्टरांकडे गेला. दुसऱ्याला प्रशिक्षित नर्सनी सांभाळलं: आजार काय आहे ते समजावलं, गोळी का आणि किती दिवस घ्यायची ते सांगितलं, रक्त तपासून डोस वाढवत नेला. २ वर्षांनी नर्सकडच्या ९५ टक्के रुग्णांचं यूरिक ॲसिड ६ च्या खाली होतं. डॉक्टरांकडच्या गटात ते ३० टक्के होतं. औषधं दोन्हीकडे तीच होती.

आपल्याकडे आयुष्मान आरोग्य मंदिरातले समुदाय आरोग्य अधिकारी बीपी-शुगरच्या रुग्णांचा पाठपुरावा करतातच. निदान आणि डोस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी ठरवायचा, आणि गोळी चालू आहे का, पुढचं रक्त कधी तपासायचं, पुरळ तर आलं नाही ना, हे गावातच विचारायचं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, रुग्णाच्या कार्डावर एक जास्तीचा रकाना लागतो. आणि हे विचारणाऱ्याला एक गोष्ट आधीच माहीत असावी लागते. नॉटिंगहॅममध्येही झटक्यांतला खरा फरक पहिल्या वर्षी दिसला नव्हता. दुसऱ्या वर्षात दोन किंवा जास्त झटके आलेले रुग्ण नर्सच्या गटात ८ टक्के होते, दुसऱ्या गटात २४ टक्के.